हुशार मुलीची इयत्ता

शाळेच्या ऑफिसबाहेर मी बाकावर बसलो होतो. आत बदली होऊन आलेली एक आई, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि मुख्याध्यापिका.

“तिकडे ही सहावीत होती, मॅडम. मधल्या दोन इयत्ता गाळून वर चढवलं होतं हिला.”

“इकडे वयाप्रमाणे बसवतो. चौथी.”

“अहो, आत्ताच तुमचा सातवीचा पेपर सोडवला तिने!”

“पाहिला ना. एकही चूक नाही.”

“मग?”

“मग चौथी सोपीच जाईल की!”

“बाळा, तूच सांग मॅडमना, कुठे बसायचंय तुला?”

“चौथीतली मुलं माझ्याएवढी असतात?”

“असतात की.”

“मग चौथीच. सहावीत मला कुणी खेळायला घ्यायचं नाही.”

“बघा मॅडम, या वयात किती स्पष्ट विचार! हिला सातवीतच घ्या.”