लोण्यातली गोळी

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणबाई मांजरीला पिसवांचं औषध लावून घ्यायला आल्या होत्या. शेजारी एक सून, तिचे सासरे आणि पोट फुगलेला कुत्रा बसला होता.

"बाबा, पावसाळ्याआधी गोळी देऊनही याला जंत झालेच कसे?"

"गोळीच बनावट असेल."

"लोण्यात लपवून पावावर दिली होती. ताटली चाटूनपुसून साफ होती."

"होती खरी."

"बाबा, माझ्याकडे बघा."

"अगं, मला लोणी बंद आणि कुत्र्याला बोटभर!"

"अगबाई! गोळी तुम्ही खाल्लीत?"

"कडू लागली, पण लोण्यासाठी गिळली."

शिंपीणबाईंनी मांजरीच्या पाठीत तोंड लपवलं.

"महिना झाला! काही त्रास नाही ना झाला?"

"छे! उलट तेव्हापासून भूक सपाटून लागते."