एक कप मैदा, तोही सराफाच्या काट्यावर

...अहो नाही, केक करायला माझी ना नाही, पण 'एक कप मैदा' असं सांगून मोकळं व्हायचं म्हणजे काय? कोणता कप? रोजच्या चहाचा? पाहुण्यांचा? की शाळेत बक्षीस मिळालेला? तुम्हाला सांगतो, जळगावच्या सराफ बाजारात जन्म गेला माझा, आमच्याकडे गुंजभर इकडचं तिकडे होत नाही, आणि केकच्या व्हिडिओतली बाई हसत हसत म्हणते, 'फक्त एक कप!' आता एक कप म्हणजे किती, तुम्हीच सांगा!

झालं असं, की आमच्या आईला, हीराबाईंना, पंचाहत्तरावं लागलं. जन्मात केक खाल्ला नाही, का तर बाहेरच्यात अंडं असेल. परवा स्वतःहून म्हणाली, "रोनक, बेटा, घरी केलास तर खाईन मी." अहो, मला भरूनच आलं! पण आईचा चौविहार... सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. म्हणजे केक उजेडातच ताटात पाहिजे. दुपारीच लागलो ना कामाला!

आमची बायको, जिनल, म्हणाली, "मोबाईलवर बघा ना ग्रॅम." बघितले. एक म्हणतो एकशेवीस, दुसरा एकशेचाळीस, तिसरा म्हणतो चाळलात तर वेगळं, दाबलात तर वेगळं! म्हटलं थांब, दुकानातला काटाच आणतो. आणला. आता सोन्याचा काटा तो, वाऱ्यानं आकडे नाचायला लागले... "पंखा बंद कर!" मे महिना, जळगाव, आणि पंखा बंद! जिनल कप भरते, मी मोजतो, एकशेअठरा पॉइंट तीनशेचाळीस. पुन्हा तोच कप, तोच मैदा, एकशेएकावन्न! "तू दाबलास." "मी? तुम्ही आपटलात!" आणि पारड्याला चिकटलेला मैदा मी ब्रशनं गोळा करतोय, काय करणार, सराफाचा हात, कण सोडवत नाही हो! शेजारच्या तानुबाई अक्का दारातूनच हसतात, "भाऊ, बठ्ठा टाकी दे ना! सोनं शे का ते?" अहो अक्का, सगळा टाकून कसं चालेल? सोनं परवडलं! सोन्याचा भाव तरी कळतो, एक कप म्हणजे किती, ते कोणाच्या बापाला कळतंय?

तोवर ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. शेवटी सगळ्या आकड्यांची सरासरी काढली आणि घामाच्या धारांत भांडं ओव्हनमध्ये ढकललं. आई शेजारी खुर्ची टाकून बसलेली, एकदा केककडे बघते, एकदा खिडकीकडे. मी काचेला नाक लावून, "फुग रे बाबा, फुग!" आणि फुगला! असा फुगला, असा फुगला... बाहेर काढतोय तर आईनं हात जोडले. "मावळला रे, बेटा."

"मग उद्या सकाळी खा ना, आई!"

"उद्या शिळा होईल. शिळं मी कधी खाल्लंय?"

मग काय, आम्हीच खाल्ला. तुम्हाला सांगतो, काय मऊ झाला होता... तोंडात घातला की विरघळला! आणि आई समोर बसून विचारते, "कसा झालाय रे?"

आता काय सांगायचं? घास गिळला नि म्हटलं, "फसला गं. मैदा जास्त पडला."