पुलाखालची डबी

हसू नका, पण स्टोनफ्लाय नावाच्या माशीने मला तीन वर्षं झुलवलं. लिम्बुर्ग प्रांतातल्या एका नदीवर ती वसंतात चार-आठ दिवसच पाण्यातून बाहेर येते आणि तेव्हाच तिला खायला वर येणारे ट्राउट मासे गळाला लागतात. आइंडहोवनहून मी पोचेपर्यंत दरवेळी सगळं संपलेलं. पाणी पुरेसं कोमट झालं की ती निघते, म्हणून मग पाण्याचं तापमान मोबाइलवर कळवणारी एक डबीच पुलाखाली बसवली. तिथे मासे धरणारा यान नावाचा म्हातारा म्हणाला, "मी पुलाखालची कोळिष्टकं बघतो. त्यात माश्या दिसल्या की गळ काढतो."

"मी इंजिनिअर आहे," म्हटलं, "आकडे बघूनच येणार."

यंदा आकडे बघून गेलो. माश्या होत्या, माझ्याच डबीवरच्या कोळिष्टकात, वाळलेल्या; म्हणजे याही वेळी सगळं संपलेलं.

आता तिथे कॅमेरा लावतोय, कोळिष्टकाकडे तोंड करून.