बिनबैलांच्या गाड्या

माझं नाव निलव्वा. म्हायेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानातलं. तितं ज्वारी म्हंजी नजर जाईल तितवर ज्वारी, पन सावलीला उबं ऱ्हावं म्हनलं तर झाड मिळायचं न्हाय. आमच्या बांदावर एकच मोट्टी बाबळ हुती, ती तोडून माझ्या बानं गाडी करून घेतली आन त्याच गाडीतनं मी नवरी हून सोलापुरात आले. धाकटा भाऊ सिद्राम कासरा धरून म्होरं बसलेला, मदीच मागं वळायचा आन म्हनायचा, अक्का, रडतीस काय गं, मी हाय की, कवाबी येतो बग गाडी घिऊन. गाडी थांबली तवा घर कसलं हाय बगावं म्हनून मी मान वर केली, तर म्होरं नुसतं मैदान, एक कडूलिंब, पान्याचा हौद, पत्र्याचं खोपाट, आन गाड्याच गाड्या. सासू म्हनली, उतर की, हेच आपलं. मला वाटलं म्हातारी चेष्टा करतीया.

चेष्टा न्हवती. माझं मालक बसाप्पा आन त्येंच्या आदी माझा सासरा, दोगांनी जनम त्या तळावर काडला. झोपायला शुक्रवार पेठंत एक खोली हुती, पन दिस सगळा गाडीतळावर. गाडीतळ म्हंजी काय हे तुमाला सांगाया पायजे मास्तर, तुमी सायकलवालं. खेड्यातनं बाजाराला बैलगाडी आली की ती पेठंत शिरत न्हाय, रस्ता केवडा, बैल केवडं. मग गाडी हितं सोडायची, बैलास्नी पानी दावायचं, कडबा टाकायचा, आन मानूस गेला बाजारात. मंगळवेढ्याची ज्वारी यायची, अक्कलकोटकडनं तूर यायची, ते लोक कानडीतनं वरडायचे, गाडी नोडव्वा, म्हंजी अव्वा गाडीकडं लक्ष ठिव. मी सगळ्यांची अव्वा, म्हंजी आई. वय माझं एकोनीस-वीस आन मिशीवालं बाप्ये मला अव्वा म्हनायचं, लई हसू यायचं मला, सासू डोळं वटारायची.

तळाची एक रीत हुती, सासऱ्यानं घातलेली. गाडी सोडली की गाडीवाल्यानं जू काडायचं आन आमच्या खोपाटात आनून भितीला उबं करायचं. चिट्टी न्हाय, बिल्ला न्हाय. जू आमच्याकडं म्हंजी गाडी आमच्याकडं, कारन जुवाबिगर गाडी वडून नेनार कोन? जाताना जो तो आपलं जू वळकायचा, लेकरू वळकावं तसं, आन खांद्यावर टाकून जायाचा. दुसरी गोष्ट म्हंजी मैदानाला उतार हाय, नाल्याकडं. आजबी हाय, तुमची सायकल तितं लावू नका. चाकामागं धोंडा लावल्याबिगर गाडी ठरायची न्हाय. एकदा एका पाव्हन्यानं लावला न्हाय, गाडी गेली घरंगळत, थेट नाल्यात, आन वर कोन बसलेलं तर त्याची सासू! म्हातारीला बाहेर काडली तवा ती जावयाला जे बोलली ते मी सांगत न्हाय तुमाला. बैलांच्या पायाला नाल ठोकनारा कासीमभाई कडूलिंबाखाली बसायचा, तो हसून हसून आडवा झाला. तो तितंच बसायचा, आमच्या सासऱ्याच्या वक्तापासून, मला भाभी म्हनायचा.

सिद्राम म्हयन्यातनं एकदा यायचा. बा गेल्यावर गाडी त्याच्याकडं आली. जू भितीला लावायचा आन म्हनायचा, अक्का, ह्येला धक्का लागू दिऊ नको, बाच्या हातचं हाय. भाकरी खायाचा, माझ्या हातची शेंगाची चटनी फडक्यात बांदून न्यायचा. म्हायेर म्हंजी मला ती गाडी, दुसरं काय हुतं? आई आदीच गेलेली.

मग दुष्काळ पडला. तो तुमी ऐकला आसंल, मी बगितला. पयल्या साली लोक म्हनलं, हुईल. दुसऱ्या साली कुनी काय म्हनलं न्हाय. कडबा सोन्याच्या भावानं झाला, हौदात पानी येईना. गाड्या यायच्या पन माल नसायचा गाडीत. का येत्यात म्हनून मी मालकास्नी इचारलं, ते म्हनलं, बैल इकाया येत्यात गं. आन बैल इकला म्हंजी गाडी घरी कशी जानार, सांगा की मला? ती काय डोक्यावर घिऊन जाता येती? मानूस बैल सोडून बाजारात न्यायचा, हातात नुसता कासरा घिऊन माघारी यायचा, गाडीकडं बगायचा न्हाय, माज्याकडं यायचा आन म्हनायचा, अव्वा, जू ऱ्हाऊ दे तुज्याकडं, पाऊस पडला की नवी जोडी घिऊन येतो. आन यष्टी धरून जायाचा. एक गाडी ऱ्हायली, चार ऱ्हायल्या, मग मैदान भरलं. दांड्या भुईला टेकलेल्या गाड्याच गाड्या, आन बैल एक न्हाय. शेनाचा वास न्हाय, घुंगराचा आवाज न्हाय. खोपाटात जुवांनी इतकी गर्दी की मला चूल भाईर मांडावी लागली.

सिद्रामबी आला. मी लांबनंच वळकलं, कारन तो बैलास्नी बोलत यायचा सदा, त्या दिशी मुका आला. मी म्हनलं, तूबी? बैलं नेली, इकून आला, जू काडून आनलं. त्या जुवाला अजून घाम हुता मास्तर, बैलाच्या मानंचा, वल्लं हुतं. मी हात लावून बगितला. तो म्हनला, अक्का, मी खडी फोडाया जातो कामावर, पाऊस झाला की जोडी घिऊन येतो, तवर गाडी सांबाळ. मी म्हनलं, सांबाळते की. भाकरी खा म्हनलं तर खाल्ली न्हाय. चाकामागं धोंडा बसलाय का ते दोनदा बगून गेला.

पाऊस पडला पुडच्या साली. मी रोज वाटंकडं बगायची. काय जन आले, आपलं जू वळकून खांद्यावर टाकलं, रडत रडत गेले. पन किती? चार-दोन. बाकीचे आलेच न्हाईत. कोन पुन्याला गेला, कोन ममईला, कोन जग सोडून गेला, मला कोन सांगनार? सिद्रामचाबी पत्ता न्हाय. गावाकडचं कोन भेटलं तर म्हनायचं, लांब हाय कुटंतरी, हाय येवडं खरं. त्याच सालात माझं मालक गेलं, खोकत खोकत गेलं, शेवटाला म्हनलं, तळ सोडू नको. आता तळ म्हंजी काय तर दुसऱ्याची लाकडं राकनं. मी राकली. पोरबाळ न्हाय मला, कामबी काय हुतं?

मग बऱ्याच वरसांनी एक दिस जीपमदनं साहेब आला, संगं दोन शिपाई. म्हनला, बाई, ही जागा आता ट्रकच्या पार्किंगला द्यायची आहे. मी म्हनलं, पार्किंग म्हंजी काय ओ? तो म्हनला, गाड्या उभ्या करायची जागा. मी म्हनलं, मग हितं काय म्हशी उब्या हायत व्हय? तो शिपाई हसला, साहेब न्हाय हसला. म्हनला, ह्या गाड्यांचे मालक कुठं आहेत? मी म्हनलं, येनार हायत. कधी? तुमाला सांगते, तो मानूस मला काय वंगाळ बोलला न्हाय, पन तेवडं एक इचारलं, कधी, आन मी आत जाऊन जुवं मोजाया लागले.

गाड्या सगळ्या, खोपाटातल्या जुवांसकट, एका भट्टीवाल्यानं नेल्या जळनाला. बाबळीचं लाकूड, चांगलं जळतंय. मी म्हनलं, येवडी एक गाडी सोडा, भावाची हाय. साहेब म्हनला, बरं, न्या, सांजच्या आत न्या. आता बैल कुटलं आनू? मी आन कासीमभाई, आमी दोगांनी दांड्या धरल्या आन वडली. बाजारातनं, भर दुपारी, दोन म्हातारी मानसं बैलासारकी गाडी वडत्यात, लोक थांबून बगायचे. पोचलो शुक्रवार पेठंपतूर. आमच्या बोळाच्या तोंडाला एक चाक एका घराच्या वट्ट्याला घासलं आन दुसरं गटारीत बसलं. म्होरं जाईना, मागं येईना. तितंच ऱ्हायली. शेजारी मानसं वाईट न्हवती, एक दिस गप बसली, दोन दिस बसली, मग नळाला घागरी घिऊन जायाला वाट न्हाय म्हनून बाया बोलाया लागल्या. आन त्यांचंबी खरंच की. तिसऱ्या दिशी आमच्याच बोळात एकजन वारला, तिरडी जायाला जागा न्हाय. मयताची बायको दारात बसलेली, माज्याकडं नुसती बगत हुती.

मी कासीमभाईला म्हनलं, दुसऱ्या कुनाचा हात नको, तुमीच फोडा. तो म्हनला, भाभी, मेरेसे नै होता. मग कुऱ्हाड घेतलीच त्यानं. मी दार लावून आत बसले, कानात बोटं घालून. पन बाबळीचा आवाज लई मोटा, यायचा तो आलाच. मी खूप रडले, खोटं कशाला बोलू. त्याच भट्टीवाल्यानं ते लाकूड नेलं. जू तेवडं मी ठिवलं.

पार्किंगच्या ठेकेदारानं मला खोपाटात ऱ्हाऊ दिलं, चा करून इक म्हनला डायवर लोकांना. कासीमभाईबी तितंच, नाल सोडून आता पंक्चरं काडतो. गेल्या साली, ज्वारीची सुगी चालू हुती, एक ट्रक मैदानात आला आन त्याच्या फळीवरनं किन्नरानं, म्हंजी डायवरच्या हाताखालच्या गड्यानं, खाली उडी मारली. खाकी हाफ पँट, अंगभर डिझेल, आन डोक्यावरची केसं गेलेली. मी चा भरलेला गिलास हातात धरून तशीच. तो म्हनला, अक्का, अजून हितंच हाईस? सिद्राम! इतकी वरसं झाली, आन इचारतोय काय, तर अजून हितंच हाईस.

मी म्हनलं, तुज्या गाडीसाटी ऱ्हायले रं. मग सांगाया लागले, गाडी कशी नेली, कशी अडकली, कशी फोडली, सगळं. म्हनलं आता हा मला बोलंल, वरडंल, मी तयारी धरून हुते. तर तो म्हनला, बरं झालं गं, सुटलीस. बैल कोन घेनार हुतं आता? येवडंच बोलला. मी आत गेले, जू आनलं, त्याच्या हातात दिलं. त्यानं धरलं. बैलाच्या मानंनं घासून गुळगुळीत झालेली जागा असती की, तितं त्याचा अंगठा आपसुक गेला. मी बगत हुते.

तवर डायवर वरनं वरडला, अरे ए सिद्राम, गाडी सरकतीया, लाकूड लाव की! उतार हाय, मी सांगितलं तुमाला. सिद्राम पळाला आन हातात जे हुतं ते मागल्या चाकाखाली घातलं. ट्रक कचकन बसला त्याच्यावर आन थांबला. तो माज्याकडं वळून म्हनला, चांगलं बळकट हाय गं, ऱ्हाऊ दे हितंच, कामाला यील. चा प्याला. शेंगाची चटनी हाय का इचारलं, मी दिली बांदून. ट्रक निगाला तवा चाकाखालनं लाकूड काडून बाजूला फेकलं त्यानं आन पळत जाऊन फळीवर चडला. परत आला न्हाय अजून. यील, मार्गावर असला तर.

आता काय, कुटलाबी ट्रक आला की डायवर म्हनतो, अव्वा, तेवडं लाकूड दे. मी देते. दोन जागी चिरलंय, पन तुटंना. कुनाचंबी असू दे, चाक ठरलं म्हंजी झालं, आता मी कुनावर रागवत न्हाय. बरं, लई येळ घेतला तुमचा मास्तर. सुकी ऱ्हावा, लेकराबाळात ऱ्हावा. जाता जाता येवडं करा, त्यो म्होरचा ट्रक आत्ताच गेला बगा, त्याच्या जागंवर जू पडलं असंल चिकलात, तेवडं उचलून आत भितीला लावा. मला वाकाया येत न्हाय आता.