ग्लुकोजच्या पाण्यात काटा हलेना

मुखेडहून सुटलेली एसटी नांदेडच्या वाटेला लागली होती. चांगुणाबाईच्या मांडीवर ग्लुकोजचा डबा होता. मुदखेडला तिच्या लेकीच्या लेकराला तीन दिवसांपासून जुलाब लागले होते, ती तिकडंच निघाली होती. पुढच्या बाकावर विज्ञान प्रदर्शनाला निघालेली सदफ बापाला आपला प्रयोग समजावून सांगत होती.

“अब्बा, पाण्यात क्षार असले की करंट जातो. तुमच्या दुकानातलं करंट मोजायचं मीटर लावलं, तर मिठाच्या ताकात काटा पळाला. नारळपाण्यातबी.”

“अन् ग्लुकोजात?”

“हललाच न्हाई.”

“काय सांगून राहिलीस! जास्त टाकायचं होतं.”

“टाकलं की. जारच्या फिल्टर पाण्यात चार चमचे. नुसतं गोड. मग चिमूटभर मीठ टाकलं, तर काटा उडालाच.”

“या अल्ला! जुलाबात तर समदे ग्लुकोजच पाजतेत.”

“मॅडम म्हणल्या, जुलाबात पाण्यासंगं अंगातलं मीठबी जातं.”

चांगुणाबाईनं घाईघाईनं लेकीला फोन लावला.

“राजकन्या, लेकराला मिठाचं काही दिलीस का गं?”

“न्हाई, आई. तूच म्हणलीस ना, मिठाचा कणबी देऊ नको. ताक दे, ताक दे म्हणून लई रडला. सकाळपासून मात्र गप पडून हाय.”