गाडीनं दाखवलेलं चाक

नवी गाडी माणसापेक्षा शहाणी असते, असं माझा मुलगा सुधाकर म्हणतो. तर ऐका.

नातीची नोकरीची परीक्षा होती. अमरावतीला नऊ वाजता गेट बंद होणार आणि आम्ही साडेआठला वलगावजवळ रस्त्याच्या कडेला उभे. गाडीच्या पडद्यावर दिवा लागला होता: पुढच्या डाव्या चाकात हवा कमी. सुधाकर पंपानं हवा भरत होता, पण दिवा विझेना. मी चाकाला लाथ मारून पाहिली. चाक टणक होतं.

"बाबा, मशीन खोटं बोलत नाही."

"मंग चाक खोटं बोलून राहिलं काय?"

नात आतून म्हणाली, "आबा, हे पेपरात येणार नाही. चला ना."

मी सुधाकरला विचारलं, "काल टायरच्या दुकानात काय केलं?"

"टायर सारखे झिजावे म्हणून मागचे चाकं पुढं न् पुढचे मागं लावले."

"हवा मोजणारं यंत्र कुठं असते?"

"चाकाच्या आत." मी मागं जाऊन डावं चाक दाबून पाहिलं.

मागच्या डाव्या चाकात खिळा रुतला होता. हवा जेमतेम उरली होती. स्टेपनी लावली आणि निघालो. शिपाई गेट ओढत असताना पोरगी तिरपी होऊन आत शिरली.

"बाबा, तुमाले कसं समजलं?"

"चाक मागं गेलं, तर यंत्रही मागं गेलं. गाडीले ते अजून पुढंच वाटून राहिलं. याले कॉलेज लागत नाही. आता गाडी सावलीत लाव. पोरगी तीन तासांनी येईल."