विमानातलं जैन जेवण

दुबईच्या विमानात मला जो धक्का बसला ना, त्यातून मी अजून सावरलो नाहीये. दर प्रवासात मी वेगळ्या धर्माचं जेवण मागवतो, तसं यावेळी जैन मागवलं. शेजारी आपल्या मीरा रोडच्याच एक जैन मासी होत्या. ट्रे समोर ठेवून मी त्यांना सगळे धर्म समान कसे, ते चांगलं अर्धा तास समजावलं. त्या मान डोलावत होत्या. शेवटी विचारलं, "मासी, तुमचं जेवण?"

"मुलगा बुक करायला विसरला."

"मग हे घ्या ना! मी हातपण लावलेला नाही."

मासींनी खिडकीबाहेर पाहिलं. "सूरज गेला, बेटा. आता पाणीपण उद्या सूरज निघाल्यावर."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"सांगणारच होती. तू थांबला कुठे?"